चाळिसावा हिस्सा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



सोनं सापडलं अशी नुसती आवई उठली, तरी माणसं हातातलं औत टाकून, दुकानाला कुलूप लावून धावत सुटतात. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट गावी १८५१ साली सोनं सापडलं आणि बघता बघता त्या मेंढ्यांच्या कुरणावर तंबूंचं शहर उभं राहिलं. आपल्या शेजारच्या कर्नाटकात, कोलारला, १८७० च्या दशकात लॅव्हेल नावाच्या एका आयरिश निवृत्त सैनिकानं खाणकामाचा परवाना मिळवला. त्याच्या हाती फारसं काही लागलं नाही. पण पुढे १८८० पासून जॉन टेलर आणि सन्स या कंपनीनं तिथं जमीन खणायला घेतली ती तीन किलोमीटरपेक्षा खोल जाईपर्यंत. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावरची वीज दीडशे किलोमीटरांवरून तारांनी कोलारला आली. बेंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागण्याआधी ती या खाणीत पोचली होती. शंभर-सव्वाशे वर्षांत आठशे टनांहून अधिक सोनं वर आलं आणि २००१ च्या फेब्रुवारीअखेर खाण बंद झाली. आज तिथं गोऱ्या साहेबांचे बंगले आहेत, क्लब आहे, मजुरांच्या चाळींच्या रांगा आहेत आणि सोनं काढून घेतल्यावर उरलेल्या मातीच्या टेकड्या आहेत. त्यांना लोक सायनाइडच्या टेकड्या म्हणतात. वारा सुटला की ती माती चाळींवर उडते.

हे सगळं मी सांगतोय खरा, पण मी राहतो पिंपरी-चिंचवडला. आमच्याकडे काळा कातळ. या बेसॉल्टच्या पोटात सोन्याची खाण नाही. मुंबई इलाख्यातलं सोनं शोधायचं तर लोक धारवाड जिल्ह्यात जात, गदगजवळच्या कप्पतगुड्डच्या डोंगरांत. तिथले जालगार लोक ओढ्यांची वाळू धुऊन कण वेचत. विदर्भात वैनगंगेच्या खोऱ्यातले सोनझरी हेच काम करत आले. आमच्या पवनेच्या आणि इंद्रायणीच्या वाळूत मात्र वाळूच.

आणि तरीही सोन्यामागची धाव जर कुणी अगदी डोळ्यांदेखत पाहिली असेल, तर ती आम्ही. १९७० च्या मार्चमध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावं एकत्र करून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका झाली. २००१ च्या जनगणनेत वस्ती दहा लाखांवर गेली, २०११ मध्ये ती सव्वासतरा लाख भरली. सोलापूर, बीड, लातूर, जळगाव, खाली केरळ आणि वर बिहार, सगळीकडून माणसं आली. फरक इतकाच, की इथं जमिनीच्या पोटात सोनं नव्हतं. जमीनच सोनं झाली. कोऱ्या सात-बाऱ्यावर. गुंठ्यागुंठ्यानं.

योगायोग असा, की ज्या १९७० साली आमची नगरपालिका झाली, त्याच वर्षी बॅलरॅटमध्ये जुन्या खाणीच्या जागी सॉव्हरिन हिल नावाचं उघड्यावरचं संग्रहालय सुरू झालं. जुनी दुकानं, तंबू, लोहारसाळ पुन्हा उभी केली. जुन्या काळचा पोशाख केलेली माणसं तिथं वावरतात आणि शाळेची पोरं ओढ्यात परात बुडवून खरोखरचे सोन्याचे कण शोधतात. म्हणजे त्यांची धाव थांबून, तिची राख थंड होऊन, तिचं संग्रहालय झालं, त्या वर्षी आमची धाव ऐन रंगात येत होती. मला प्रश्न पडतो तो असा : आमच्या धावेच्या जागा कोणत्या? त्या कुणी बघायला जाईल का? आणि जायचं म्हटलं, तर शिल्लक काय असेल?

शहर बघायला पाहुणे आले की आम्ही त्यांना चिंचवडला नेतो. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे, मंगलमूर्ती वाडा आहे. चापेकर बंधूंचा वाडा आहे. १८९७ च्या २२ जूनच्या रँडवधात सामील असलेली आणि एकामागून एक फासावर गेलेली ती तीन सख्खी भावंडं या गावची. मग देहू, आळंदी. देहूरोडला १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी आपल्या हातांनी बुद्धमूर्ती बसवली, ते विहार. या जागा मोठ्या आहेत आणि त्यांच्याविषयी मी वेगळं सांगायला नको. पण माझ्या पिढीतला या शहरातला प्रत्येक माणूस ज्या गोष्टीमुळे इथं आहे, ती गोष्ट या यादीत नाही. भोंगा या यादीत नाही.

तेव्हा आज तुम्हाला दुसऱ्या यादीतून फिरवतो.

सुरुवात दापोडीपासून. पुण्याकडून हॅरिस पूल ओलांडला की दापोडी. इथं एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा आहे, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण एकोणिसाव्या शतकात इथं मुंबईच्या गव्हर्नरांचा बंगला होता आणि सरकारी वनस्पती उद्यान होतं. अलेक्झांडर गिब्सन नावाचे डॉक्टर त्याचे प्रमुख होते. त्यांनी एका चित्रकाराकडून इथल्या झाडापानांची चित्रं काढून घेतली. त्या चित्रकाराचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. चित्रं मात्र एडिनबरोच्या राजोद्यानात जपून ठेवली आहेत. साहेबाचं नाव उरलं, झाडांची लॅटिन नावं उरली, काढणाऱ्याचं गेलं. पुढच्या प्रवासातही असंच दिसत जाईल, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

पिंपरीला आलं की डाव्या-उजव्या हाताला फाळणीनंतर सिंधहून आलेल्या निर्वासितांची वसाहत. आज ती कापडाची आणि भांड्यांची मोठी बाजारपेठ आहे. आणि जवळच हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. आम्ही सगळे म्हणतो, एच. ए.

श्रोतेहो, या मुलखाच्या धावेचं पहिलं पाऊल मला विचाराल तर ते एच. ए.चं. १९५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत होती. सरकारी मालकीचा, प्रतिजैविकं बनवणारा देशातला हा पहिला कारखाना. नुकताच स्वतंत्र झालेला देश, न्यूमोनियानं आणि बाळंतरोगानं माणसं पटापट जायची, आणि पेनिसिलिन परदेशातून यायचं. ते इथं, माळरानावर, मोठमोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवून काढायचं ठरलं. बुरशी म्हणजे जिवंत वस्तू. तिला साखर लागते, हवा लागते, तापमान सांभाळावं लागतं आणि दुसरा एखादा जंतू टाकीत शिरला तर सगळी टाकी गटारात. म्हणून तिथं तिन्ही पाळ्या डोळ्यांत तेल घालून माणसं जागत. पुढे तिथल्याच शास्त्रज्ञांनी, तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बुरशीजन्य रोगांवर एक औषध शोधलं. त्याचं नाव हॅमायसिन. त्यातली पहिली दोन अक्षरं एच आणि ए, म्हणजे कारखान्याची. औषधाच्या नावात आमच्या पिंपरीच्या कारखान्याचं नाव आहे, हे आमच्या शाळेत आम्हाला कुणी सांगितलं नाही.

आम्हाला माहीत होती ती रबरी बुचं. इंजेक्शनच्या बाटल्यांची टाकून दिलेली बुचं कुठून तरी आमच्या गल्लीत येत आणि आम्ही काडेपेटीच्या गाडीला त्यांची चाकं करत असू.

एच. ए.चे दिवस पालटले. खासगी औषध कंपन्या आल्या, चीनमधून स्वस्त माल आला, तोटा वाढत गेला. २०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं ठरवलं, की कारखान्याची जादा जमीन विकून देणी भागवावीत. म्हणजे काय झालं पाहा. ज्या जागी पेनिसिलिन होतं म्हणून जमिनीला किंमत आली, त्या जागी आता पेनिसिलिनपेक्षा जमिनीची किंमत जास्त झाली. कोलारच्या खाणीत सोनं काढायला सोन्याच्या भावापेक्षा जास्त खर्च येऊ लागला, तेव्हा खाण बंद झाली. इथला हिशेब उलटा आहे, पण तोही वहीच्या त्याच पानावर बसतो.

एच. ए. मागोमाग बाकीचे आले. १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डीची शेतं चौकोनी भूखंड झाली. आकुर्डीला बजाज. चेतक स्कूटर १९७२ पासून. राणा प्रतापाच्या घोड्याचं नाव, आणि घोडा मिळायला वर्षानुवर्षं थांबायचं. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र लवकर मिळायचा. लग्नाच्या बैठकीत ‘मुलाचा चेतकला नंबर लागलाय’ हे वाक्य उच्चारलं जायचं. २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. मग २०१९ मध्ये चेतक हे नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला देऊन परत आणलं आणि २०२२ मध्ये आकुर्डीतच तिचा नवा कारखाना उघडला. घोडा तबेल्यात परतला, असं म्हणू या. फक्त आता त्याच्या टापांचा आवाज येत नाही.

आणि टेल्को. आता टाटा मोटर्स, पण आमच्याकडे अजून टेल्कोच. सुमंत मूळगावकरांनी इथं आधी झाडं लावली, तळं केलं. मग ट्रक काढले. सुमो गाडीच्या नावात त्यांच्या नावाची आणि आडनावाची सुरुवातीची अक्षरं आहेत. टेल्कोची आठवण निघाली की मला १९८९ आठवतं. राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली तिथला कामगार लढा त्या वर्षी शिगेला पोचला. हजारो कामगार शनिवारवाड्यापाशी उपोषणाला बसले आणि अखेर पोलिसांनी त्यांना तिथून उचललं. मी तेव्हा बी. ए. करत होतो. कॉलेज सुटलं की शनिवारवाड्यापाशी जाऊन उभा राहायचो. संप बरोबर होता की चूक, यावर आमच्या गल्लीत दोन तट होते आणि दोन्ही तटांत शहाणी माणसं होती. पण मला आज सांगायचं आहे ते वेगळं. बॅलरॅटमध्ये १८५४ साली खाणकामगारांनी परवान्याच्या फीविरुद्ध लाकडांचा कोट उभारून बंड केलं. युरेका स्टॉकेड म्हणतात त्याला. सरकारी शिपायांनी तो कोट थोडक्या वेळात मोडला, माणसं मारली. आज तिथं त्या बंडाचा फाटका झेंडा काचेत जपून ठेवलेला आहे आणि लोक तिकीट काढून तो बघायला जातात. आमच्या १९८९ चं एखादं फलक, एखादं पत्रक, गेटमीटिंगचा एखादा कर्णा तरी कुठे मांडून ठेवलेला तुम्ही पाहिलाय? शनिवारवाड्याच्या भिंतीजवळ पेशव्यांच्या इतिहासाच्या पाट्या आहेत, त्या असाव्यातच. त्याच भिंतीला टेकून कामगार उपाशी बसले होते, हेही त्या जागेचंच आहे की.

आता माझ्या घरातलं थोडं सांगतो. ते सोन्याशीच लागून आहे.

माझे आजोबा झारेकरी होते. आजच्या पोरांना हा शब्द सांगावा लागतो. पुण्याच्या रविवार पेठेत, सोन्या मारुती चौकाच्या आसपास, सोनारांच्या पेढ्या आणि कारखाने. तिथली जमीन झाडली की जी धूळ निघते, शेगडीतली राख निघते, हात धुतलेलं पाणी साठतं, त्यात सोन्याचे कण असतात. सोनार ती धूळ फेकत नाही, विकतो. ती विकत घेणारा आणि धुणारा तो झारेकरी. आमच्या मुसलमान समाजातली ती एक जमातच आहे. आजोबा घमेल्यात माती धूत. माती हलकी, पाण्याबरोबर वाहून जाते. जड ते तळाशी बसतं. मग पारा घालून कण गोळा करायचे, पारा तापवून उडवायचा. दिवसभराच्या धुण्यानंतर बाजरीच्या दाण्याएवढा मणी. कधी तेवढाही नाही. धुळीचा सौदा आंधळा असायचा. पोत्यात किती सोनं आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. आजोबा मूठभर धूळ तळहातावर घेऊन फुंकर मारत आणि भाव सांगत.

अब्बांनी ते काम सोडलं. भोसरीला एका लहानशा कारखान्यात ते टर्नर झाले. पाळी संपवून घरी आले की त्यांच्या चपलांच्या तळव्यांत लेथवरचा लोखंडाचा कीस रुतलेला असायचा. आजोबा दाराशी बसून चिमट्यानं तो काढत आणि म्हणत, ‘मी सोनारांची धूळ आणायचो, तू लोहाराची आणतोस. ही धुतली तर काय निघेल रे?’ अब्बा हसायचे. पगाराचं पाकीट काढून आजोबांच्या हातात द्यायचे.

आजोबांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. म्हणून गेली कित्येक वर्षं मी एक वही ठेवली आहे. कविता लिहायची वही वेगळी. हिच्यात जुन्या कामगारांनी सांगितलेलं लिहितो. बदली कामगार म्हणून गेटवर उभं राहणं म्हणजे काय. तिसऱ्या पाळीला पहाटे तीन वाजता झोप कशी मारायची. कॅन्टीनमधला कोणता पदार्थ कोणत्या वारी. प्रेसमध्ये बोट गेलं तर कुणाच्या रिक्षातून कुठे नेत. यातली बहुतेक माणसं आता सत्तरी-पंचाहत्तरीच्या पुढची आहेत आणि वर्षाला एक-दोन नावांपुढे मला फुली मारावी लागते. जुनी शेड पाडली, तिच्या जागी मॉल आला, वीस मजली इमारती आल्या. त्याला माझी ना नाही, माणसांना राहायला घरं हवीतच. पण शेड पाडताना मस्टर, हजेरीची कार्डं, पितळी बिल्ले, सगळं रद्दीत आणि भंगारात जातं. भंगारवाला वजनावर घेतो. सोनारसुद्धा आपली धूळ याहून जपून विकतो.

आता निगडी. आज भक्ती-शक्ती शिल्पासाठी लोक तिथं जातात, शिवराय आणि तुकोबांच्या भेटीचं. माझ्या लहानपणी निगडी म्हणजे जकात नाका. मुंबईहून येणाऱ्या ट्रकांची रांग. कारखान्यांना लागणारा प्रत्येक नट, प्रत्येक पत्रा या नाक्यांवरून आत यायचा आणि जकात भरून यायचा. ही आमची खरी खाण. या जकातीच्या जोरावर आमची महापालिका आशियातली सगळ्यांत श्रीमंत महापालिका म्हणून मिरवायची. रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल झाले. २०१३ च्या एप्रिलमध्ये जकात गेली, स्थानिक संस्था कर आला. मग तोही गेला आणि २०१७ मध्ये जीएसटी आला. नाक्याच्या खिडकीशी पावती फाडणाऱ्या कारकुनाला ज्या ड्रायव्हरांनी रात्री-बेरात्री उठवलं, त्यांच्या शिव्यांसकट तो नाका आता फक्त बोलण्यात आहे.

जकात हा शब्द आमच्या घरात मात्र वेगळ्या अर्थानं यायचा. शब्द एकच, अरबीतून आलेला. नाक्यावरची जकात म्हणजे मालावरचा कर. घरातली जकात म्हणजे, साडेसात तोळे सोनं किंवा त्याहून जास्त ज्याच्याकडे वर्षभर राहिलं, त्यानं त्याचा चाळिसावा हिस्सा गरजूंना द्यायचा. तो उपकार नव्हे, देणं. दिलं नाही तर उरलेलं सोनं स्वच्छ होत नाही, असं अम्मी सांगायची. आमच्या घरी साडेसात तोळे कधी झालेच नाहीत, त्यामुळे हिशेबाची वेळ आली नाही. पण चाळीस हा आकडा डोक्यात बसला. आणि पुढे शेतजमिनीचे व्यवहार भोवती सुरू झाले तेव्हा ध्यानात आलं, की एकराचा चाळिसावा हिस्सा म्हणजे एक गुंठा.

चाकणकडे जाताना हा आकडा माझ्याबरोबर असतो.

नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी ओलांडत चाकणला जायला पूर्वी अर्धा तास लागायचा. आता किती लागेल, हे समोरच्या कंटेनरनं ठरवायचं. चाकण हे कांद्या-बटाट्याच्या बाजाराचं गाव. जुन्नरहून आणि नाणेघाटातून पुण्याकडे उतरणाऱ्या वाटेवरचं. म्हणूनच तिथं किल्ला. संग्रामदुर्ग, भुईकोट. १६६० च्या पावसाळ्यात शाहिस्तेखानानं त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी तो जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी बुरुजाखालपर्यंत भुयार खणलं, त्यात दारू भरली आणि बुरूज उडवला. डोंगर नाही, कडा नाही; सपाटीवरचा एवढासा किल्ला, त्याला मातब्बर फौजेनं इतके दिवस थांबून राहावं लागलं. आज खंदकाचे काही भाग आणि पडकी तटबंदी उरली आहे. भोवती वस्ती इतकी दाटली आहे, की अनोळखी माणसाला किल्ला विचारत विचारत शोधावा लागतो. जमिनीखालून पोखरून बुरूज उडवायला दोन महिने लागले. जमिनीवरून गुंठ्या-गुंठ्यानं सरकत आलेल्या वस्तीला कुणी वेढा म्हणत नाही, इतकंच.

चाकणची धाव आमच्यापेक्षा उशिराची आणि वेगाची. बजाज आली, महिंद्रा आली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज आल्या. एजंट लोक मोटारसायकलीवर इसाराचे पैसे घेऊन फिरायचे. गुंठामंत्री हा शब्द आमच्याच पट्ट्यानं मराठीला दिला, असं माझं मत आहे. कुणी हक्क सांगितला तर वाद घालायला मी तयार आहे. एकीकडे त्या पैशांतून पोरं शिकली, पोल्ट्री झाली, ट्रक आले, हेही खरं. दुसरीकडे भोसरीतल्या एका गृहस्थांनी २०१३ च्या सुमारास तीन किलोंच्या वर सोन्याचा सदरा करून घेतला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यांचं छायाचित्र झळकलं. २०१६ मध्ये त्यांचा खून झाला. सोन्याच्या धावेचं संग्रहालय करायचं तर तो सदरा त्यात ठेवावा लागेल. हसू नका, मी खरंच म्हणतोय.

पण या पट्ट्यात एक जागा अशी आहे, जिथं धाव अडली. चाकणच्या पश्चिमेला भामचंद्राचा डोंगर. तिथल्या लेण्यांत तुकोबांनी ध्यान केलं, त्यांना साक्षात्कार झाला, असं वारकरी मानतात. त्याच्या परिसरात शिंदे-वासुली गावांत डाऊ या रसायन कंपनीचं संशोधन केंद्र व्हायचं होतं. २००८ मध्ये गावकरी आणि वारकरी रस्त्यावर उतरले. भोपाळची युनियन कार्बाइड याच डाऊनं विकत घेतली होती, हे त्यांना ठाऊक होतं. बांधकामाची जाळपोळ झाली, ती व्हायला नको होती. २०१० मध्ये कंपनीनं तिथून काढता पाय घेतला. टाळ वाजवणारे हात आडवे उभे राहिले तर काय होतं, ते या मुलखानं तेव्हा पाहिलं. दर वर्षी हेच वारकरी देहूहून निघतात, तुकोबांची पालखी पहिली थांबते ती अनगडशहा फकिरांच्या दर्ग्यापाशी. तिथं अभंग-आरती होते. दुसऱ्या दिवशीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. म्हणजे कारखान्यांच्या ऐन मधोमध. पहिल्या पाळीचे कामगार पालखीला केळी वाटून थेट गेटवर जातात. हेही मी दुसऱ्या यादीतच धरतो.

मागच्या हिवाळ्यात मी भामचंद्रावर गेलो होतो. वरून पाहिलं तर एका अंगाला कांद्याचे वाफे, दुसऱ्या अंगाला निळ्या पत्र्यांची छपरं, आणि मध्ये नवे रस्ते. उतरताना पायथ्याजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर पाणी मागितलं. पहारेकरी साठीचे, गणवेश अंगाला मोठा. बोलता बोलता म्हणाले, ‘ही जमीन आमचीच होती. साडेतीन एकर.’ सांगताना आवाजात तक्रार नव्हती. पैसे आले, मुलीचं लग्न झालं, मुलानं गाडी घेतली, ती विकली, आणि आता ते स्वतः बारा तासांच्या पाळीवर. खिशातून त्यांनी प्लास्टिकमध्ये घातलेला जुना सात-बारा काढला. रोज खिशात असतो म्हणाले.

मी विचारलं, विहीर होती का?

‘होती ना. आत या, दाखवतो,’ असं म्हणून ते थबकले, कारण बाहेरच्याला आत नेता येत नाही. मग फाटकाच्या गजांतून बोट घालून त्यांनी दाखवलं. ‘ती तिसरी पांढरी गाडी लावलीय ना, तिच्या खाली. दोन मोटांची विहीर होती. माझ्या आज्यानं खणली. बावीस हात खोल. उन्हाळ्यात तिला फक्त एकदा पाणी आटलं होतं, बहात्तरच्या दुष्काळात.’

मी वही काढली आणि त्यांना म्हटलं, सावकाश सांगा, मोटेचे बैल कोणते होते तिथपासून.